कोयासानला जाण्याआधी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

जपानमधल्या कोयासान डोंगरावरच्या मंदिरातली खोली मिळाली. बाबा, खालून वर जाणारी जुनी पायवाट आपण चालायची नाही, हे मी ठरवून टाकलंय. गुडघ्याचं कारण नाही हो. वाट वीस किलोमीटरहून लांब, आणि नोव्हेंबरात पाचलाच अंधारतं. शिवाय आईला एकटीला कुठे बसवायचं? वाटेवरच्या १८० दगडी खांबांपैकी पहिला पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरापाशी दाखवते. मग केबल कार, पाच मिनिटांत वर. वणीच्या गडावर मी रडले की खांद्यावर घ्यायचात ना? मग या वेळी माझं ऐका.

८१६ मध्ये सम्राटाने हा डोंगर कुकाई या बौद्ध भिक्षूंना मठासाठी दिला. वर बायकांना बंदी, ती सरकारने उठवली थेट १८७२ मध्ये. त्या बंदीमुळे त्यांची आई जिसोन-इनला राहिली आणि ते महिन्यातून नऊदा उतरून तिला भेटत, असं सांगतात. हे वाचून मला फार भरून आलं, आई. माझ्याच्याने वर्षातून एकदा येणं होतं. पण तुला खाली थांबायचं नाही, तू माझ्यासोबत वर यायचंस.

जेवणाची काळजी नको. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू तुला आवडेलच. जमिनीवरच्या गादीऐवजी पलंगाची खोली घेतलीय, कमोड आहे, हीटर आहे. ओकुनोइन या दफनभूमीत जपानी देवदारांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. आपण नाकानोहाशी पुलाच्या बाजूने जाऊ, म्हणजे चालणं निम्म्यावर येतं. कुकाई तिथे ८३५ पासून ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा, म्हणून आजही रोज दोनदा त्यांना जेवण नेतात. सकाळी सहाचं सोडून साडेदहाचं पाहू, बाबांची झोप मोडायला नको. आणि आई, तिथे 'गोमा' होतो, म्हणजे आपला होमच. अग्नीत समिधा पडताना बघशील, तुला परकं वाटणार नाही.

आता नीट ऐका. औषधं महिन्याभराचीच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. नी-कॅप हातातल्या पिशवीत. कानटोपी, लोकरीचे मोजे हवेतच, रात्री थंडी कडक असते. बूट झटकन काढता येतील असे घ्या. बाबा, साखर तपासून आकडा मला कळवा, आईच्या मार्फत नको, स्वतः. लाडू-चिवडा करत बसू नकोस, आई. थोडं मेतकूट मात्र आण. आणि तिकिटाचे पैसे कुणी विचारायचे नाहीत.

तुमची,
चिमी