भंडारदऱ्याला गर्दी नको, मुक्काम हवा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी अकोले तालुक्यातली. आमचं गाव भंडारदरा धरणाच्या पाणलोटात, शेंडीहून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. स्वयंपाक मी करते, आणि माझा नवरा त्यांना रतनगड, सांदण दरी दाखवायला नेतो. भात-नागलीच्या जोडीला आमचं घर पर्यटनावर चालतं. त्यामुळे पर्यटक नकोत असं मी म्हणणार नाही. पण काजवा महोत्सवाच्या नावानं इथे जी गर्दी लोटते, ती अशीच वाढवू नका, ही विनंती करायला लिहिते आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या शनिवारची गोष्ट. आमच्या खळ्यापलीकडे सादड्याचं जुनं झाड आहे. मेअखेरीपासून पाऊस बसेपर्यंत त्याच्यावर काजवे येतात. अंधार पडला की आधी फांद्याफांद्यांवर वेगवेगळे लुकलुकतात, आणि मग कसं कोण जाणे, अख्खं झाड एका ठोक्यात उजळतं, एका ठोक्यात विझतं. त्या रात्री साडेनऊच्या सुमाराला रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. कुणीतरी गाडी वळवताना मोठे दिवे थेट झाडावर मारले. झाड विझलं, ते बराच वेळ उजळलंच नाही. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. "गेलं गं," एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

साहेब, काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना घातलेली साद असते. वर्षातला बहुतेक काळ काजवा अळीच्या रूपात ओल्या मातीत, पाल्यापाचोळ्यात राहतो, गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर त्याच्या हातात मोजके दिवस उरतात. तेवढ्यात जोडी जमली, अंडी पडली, तर पुढच्या वर्षी झाड उजळणार. गाड्यांच्या आणि मोबाइलच्या उजेडात ती साद दिसत नाही, आणि फोटोसाठी झाडाखाली गवतात शिरणाऱ्यांच्या बुटांखाली माद्या चिरडतात. ज्याच्या नावानं महोत्सव भरवायचा, त्याच्याच मुळावर आपण उठलो आहोत. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात घडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या उसापर्यंत जातं. आमच्याकडे पावसाळ्यात घराबाहेर पडवत नाही इतका पाऊस, पण सगळा कातळ आणि उतार, पाणी थांबत नाही. मे महिन्यात आमच्या वाडीची विहीर तळाला जाते. पहाटे चार वाजता झिऱ्यावर नंबर लावायचा, वाटीवाटीने हंडा भरायचा. आणि त्याच दिवसांत काजवे बघायला हजारो माणसं येतात. त्यांना आंघोळीला, संडासाला, हात धुवायला पाणी लागतं. पाहुण्यांना पाणी नाही म्हणताना जीभ रेटत नाही. मग मी एक खेप जास्त करते.

या गर्दीतून गावाला काय मिळतं? रात्री येऊन रात्रीच परतणारी गाडी खाणं-पिणं शहरातून घेऊन येते. पाण्याच्या कडेला तंबू लावणारे बरेचसे बाहेरचे. आमची पोरं तिथे तंबू ठोकायला आणि उष्टी ताटं उचलायला. रविवारी सकाळी बाटल्या गोळा करायच्या, त्याही आम्हीच.

याउलट मागच्या वर्षी पुण्याचं एक कुटुंब तीन रात्री आमच्याकडे राहिलं. त्यांनी नागलीची भाकरी, उडदाचं घुटं, काळभात खाल्ला. मुलांनी सासूबाईंबरोबर करवंदं तोडली. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरातलं कोरीवकाम बघायला ते अर्धा दिवस थांबले. जाताना शेजारणीकडून तांदूळ आणि हिरडा घेऊन गेले. त्या तीन दिवसांत आमच्या वाडीतल्या चार घरांत पैसे आले. शनिवारच्या रांगेतल्या गाड्यांनी मिळून तेवढे दिले नसतील.

म्हणून माझं पहिलं मागणं असं, की काजव्यांच्या दिवसांत बाहेरच्या गाड्या शेंडीलाच थांबवा. पुढे मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी या फेरीला गावातल्याच गाड्या चालू द्या, ठरावीक फेऱ्या, मंद दिवे, प्रत्येक गाडीत एक स्थानिक वाटाड्या. रात्री किती माणसं आत सोडायची याचा आकडा आधी ठरवा. आणि प्रवेशशुल्काच्या पैशातून कोणत्या गावात काय काम झालं, याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा.

दुसरं मागणं पाहुणे ठेवणाऱ्या घरांच्या नोंदणीचं. कृषी पर्यटनाचं धोरण २०२० साली आलं. आम्हीही कागद घेऊन एका कार्यालयात गेलो. सातबाऱ्यावर आजेसासऱ्यांच्या वारसांची अकरा नावं, त्यातल्या दोघांचा पत्ताच नाही. सगळ्यांची संमती आणा म्हणाले. तीन खेटे घातले, मजुरी बुडाली, शेवटी नाद सोडला. डोंगरातल्या आदिवासी घरांत जमिनीचे कागद असेच असतात. घर कोण चालवतं हे ग्रामसभेला माहीत असतं. तिचा दाखला धरा, आणि नोंदणी झालेल्या घराला आधी पाण्याची टाकी आणि दोन चांगले संडास बांधायला मदत द्या. जाहिरातीचे फलक नंतर लावले तरी चालतील.

आणि साहेब, हा तालुका काही नुसता जूनचा नाही. १६४६ मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावाच्या माथ्यावर आहे. नवरात्रात तिथे आमची यात्रा भरते. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा आहे. पट्टा किल्ल्यावर शिवाजी महाराज जालन्याच्या स्वारीनंतर विसाव्याला थांबले, म्हणून तो विश्रामगड. देवगाव हे राघोजी भांगरे यांचं गाव, इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलेला वीर. कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक आहे. दिवाळीच्या आसपास भाताची कापणी असते, खळ्यावर झोडणी चालते, हवा सुंदर असते, आणि आमच्या खोल्या रिकाम्या असतात. शाळांच्या सहली, अभ्यासाला येणारी मुलं त्या दिवसांत इकडे वळवता येतील. दोन शनिवारांत लोटणारी माणसं बारा महिन्यांत विभागली, तर झाडंही राहतील आणि मुंबईला हमाली करायला गेलेली आमची काही पोरं परत येतील.

एकदा स्वतः या. उद्घाटनाला नको, ताफा नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात मधल्या वारी या, गाडी शेंडीला ठेवा. तिथून माझा नवरा तुम्हाला घेऊन येईल. जेवण आमच्याकडे. अंधार पडला की सासूबाई झाड दाखवतील.

आपली नम्र,
भंडारदऱ्याच्या पाणलोटातली एक गृहिणी