चुकलेला अर्ज पुढे पाठवा, परत नको

महोदय,

माझे यजमान शिंपी. कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनने, आधी त्यांच्या मापाच्या वहीतले आकडे बारीक होत गेले आणि मग सुईत दोरा जाईना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, त्यात या आजाराचं नाव आहे. म्हणजे कायदा आमच्या बाजूचा आहे. घोडं अडतं ते कागदांवर.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीआधी भरून घेतलेल्या फॉर्मवर प्रश्न होता : चालता येतं का? हो किंवा नाही. गोळी घेतल्यावर तासाभराने यजमान फाटकापर्यंत जाऊन वर्तमानपत्र घेऊन येतात. गोळीचा असर उतरला की त्याच वाटेवर, उंबऱ्याशी, पाय जागच्या जागी थिजतात. ‘फरशीच्या त्या रेघेवर पाऊल टाका’ असं मी म्हणते, तेव्हा कुठे एक पाय सुटतो. आता यावर ‘हो’ लिहायचं की ‘नाही’? बोलावणं आल्यापासून त्यांची झोप उडाली होती, आणि ताणाने कंप वाढतो तो वेगळाच. रिक्षात मला म्हणाले, “आज नीट चाललो तर मी खोटा ठरेन का गं?” आजारी माणसाला बरं वाटण्याची धास्ती वाटावी, असा हा फॉर्म.

मी फॉर्मला एक साधा कागद टाचला होता. कोणत्या वेळी गोळी, कधी बटण लावता आलं, कधी घास हातातून पडला, हे सगळं तासावारी लिहिलेलं. डॉक्टरांनी तो वाचला आणि त्यावरूनच पुढचे प्रश्न विचारले. ज्यांचा आजार दिवसभरात असा चढतो-उतरतो, त्यांनी हे जरूर करावं. खरं तर फॉर्ममध्येच त्याला जागा हवी.

प्रमाणपत्र मिळालं. मग निराधार अनुदानाचा अर्ज. जिथे द्यायला सांगितलं तिथेच दिला, पोच घेतली. बऱ्याच दिवसांनी तो परत आला, वर शेरा : ‘या कार्यालयाशी संबंधित नाही.’ कोणत्या कार्यालयाशी संबंधित आहे, ते लिहिण्याची तसदी नाही. तोवर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. म्हणजे पुन्हा दाखला, पुन्हा रांग.

त्याच सुमारास आमच्या पत्त्यावर भलत्याच गृहस्थांचं फेरतपासणीचं पत्र आलं. नाव-आडनाव यजमानांचंच, वडिलांचं नाव वेगळं, गाव शेजारच्या तालुक्यातलं. तारीख तोंडावर आलेली. फोन केला तर उत्तर मिळालं, “तुमचं नाही ना? मग राहू द्या.” राहू द्या कसं? त्या गावच्या ग्रामपंचायतीत फोन करून मीच निरोप पोचवला. पाठवणाऱ्याला मात्र कशाचंच काही नाही.

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये कलम ६(३) आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज घेणाऱ्यानेच तो पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. माहिती मागणाऱ्याला जी सोय वीस वर्षांपूर्वी मिळाली, ती अनुदान मागणाऱ्या आजारी माणसाला का नसावी? लोकसेवा हक्क कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत खऱ्या, पण अर्ज योग्य टेबलावर पोचेपर्यंत त्यांचा उपयोग काय?

राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्याने पुढाकार घेऊन सरळ शासन निर्णय काढून घ्यावा : दिव्यांग आणि निराधार योजनांचा चुकून आलेला अर्ज परत करायचा नाही, पुढे पाठवायचा, आणि पहिल्या पोचेची तारीखच अर्जाची तारीख धरायची. त्याला वेगळा निधी लागणार नाही. एक पाकीट आणि जावक नोंदवहीत एक ओळ, बस्स.

आपली,
एक वाचक