पुळणीवरच्या मुलींना होडी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून सुटणाऱ्या वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत येणार, हा मजकूर आपल्या क्रीडा पानावर वाचला. त्या निमित्ताने कोकणातल्या मुलींचा विचार व्हावा म्हणून हे पत्र. आपल्याकडे शिडाच्या बोटीला आणि वल्ह्याच्या होडीला, दोन्हींना ‘नौकानयन’च म्हणतात. इथे विषय फक्त वल्ह्याचा, म्हणजे रोइंगचा आहे.

या खेळात बायकांनी जागा कशी मिळवली हे समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या अर्नेस्टाइन बायर यांची कारकीर्द पाहावी. जन्म 1909 चा, नोकरी बँकेत. पती अर्नेस्ट यांनी 1928 च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये चौघांच्या होडीत रौप्यपदक मिळवलं होतं. पण तिथल्या शूलकिल नदीकाठी इतके क्लब असूनही बाईने शर्यत काठावरूनच बघायची, अशी रीत होती. 1938 मध्ये बायर यांनी मैत्रिणींना जमवून फिलाडेल्फिया गर्ल्स रोइंग क्लब काढला आणि नदीकाठच्या होडीघरांच्या रांगेतली स्केटिंग क्लबची जुनी इमारत भाड्याने घेतली. 14 नंबरची ती इमारत आजही त्याच क्लबची आहे. तिथूनच पुढे 1967 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या आठ जणींचा अमेरिकन संघ घेऊन फ्रान्समधल्या विशी शहरातल्या युरोपियन स्पर्धेला गेल्या. पदक मिळालं नाही, पण अमेरिकेच्या महिला बाहेरच्या पाण्यात उतरल्या. ऑलिंपिकने महिलांचं रोइंग घेतलं ते त्यानंतर नऊ वर्षांनी, 1976 मध्ये, आणि तेही 1000 मीटरचं. पुरुषांसारखे 2000 मीटर मिळायला 1988 उजाडलं. बायर यांचं निधन 2006 मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी झालं.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोठी वाटते ती भाड्याने घेतलेली इमारत. धावायला बूट पुरतात. इथे होडी लागते, ती ठेवायला छप्पर लागतं, पाण्यापर्यंत न्यायला उतार लागतो आणि उचलायला आणखी दोन हात लागतात. यातलं एक कमी पडलं की मुलगी घरी बसते.

एरवी स्पर्धेची एकेरी होडी सुमारे 8 मीटर लांब, जेमतेम 14 किलोची आणि माणूस कसाबसा मावेल इतकी अरुंद असते. ती तलावाची होडी. आपल्या लाटेत क्षणभर टिकणार नाही. किनारी शर्यतीची एकेरी होडी मात्र जास्तीत जास्त 6 मीटर लांब, किमान 35 किलोची आणि मागून उघडी असते. आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. दोन्ही बाजूंना धातूच्या हातासारखे रिगर असतात. आपल्याकडे पाहणाऱ्याला ती उलांडी वाटते, पण उलांडी होडीला कलू देत नाही आणि रिगर फक्त वल्ह्याचा टेकू बाहेर नेतो. तोल वल्ह्यांनीच राखायचा असतो. पहिल्या आठवड्यात मुली उलटतात त्या याच गैरसमजाने वल्ही सोडून देतात म्हणून.

शर्यत तीनेक मिनिटांची. दोघे मदतनीस होडीचं नाक समुद्राकडे करून पाण्यात उभे असतात. मुलगी पुळणीवरून 10 ते 50 मीटर धावत येऊन होडीत बसते, 85, 170 आणि 250 मीटरवरच्या तीन तरंगत्या बोयांमधून नागमोडी जाते, शेवटच्या बोयाला वळसा घालून सरळ किनाऱ्याला येते आणि पुन्हा धावते. एका वेळी दोघीच, हरली ती बाहेर.

चुका बहुतेक सुरुवातीलाच होतात. पाणी मांडीपर्यंत येण्याआधी होडीत बसलं की होडीच्या तळाचं पातं (फिन) वाळूत रुततं. लाटेला होडी आडवी झाली की संपलंच, म्हणून पहिली चार-पाच वल्ही आखूड आणि झटपट मारायची. वल्हवताना तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळे दर पाच-सहा वल्ह्यांनी मान वळवून बघायची सवय लागते. जोर आधी पायांचा, मग पाठीचा, शेवटी हाताचा. हात आधी ओढले की पाय वाया जातात. पुढच्या फटक्यासाठी वल्हं परत नेताना त्याचं पातं लाटेच्या वर नेलं नाही तर ते पाण्यात अडकून मूठ पोटात बसते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट सर्रास दुर्लक्षित होते. होडी पुरुषांच्या मापाला लावलेली असते. वल्हं अडकवायचा गेट उंच असला की मूठ हनुवटीशी येते आणि खांदे दुखतात; फार खाली आणला तर मूठ मांडीला घासते आणि पातं लाटेतून सुटत नाही. गेटखालची वॉशर काढून-घालून दहा मिनिटांत हे जुळतं. पाय ठेवायची फळीही प्रत्येकीसाठी सरकवावी. फळीवर बसवलेल्या बुटाच्या टाचेची दोरी सुमारे 7 सेंटीमीटरपेक्षा सैल नको. होडी उलटली तर पाय बुटातून सुटलाच पाहिजे. ही तपासणी रोज, पाण्यात जायच्या आधी.

वेळेचं गणित कोकणात शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मालवणकडे ती मुंबईपेक्षा थोडी आधी लागते, तेव्हा तक्ता बघूनच वेळ ठरवावी. अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी, सकाळचा वारा जमिनीवरचा आणि खाडी भरलेली. नवख्यांचा सराव याच दिवसांत घ्यावा. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी जाऊ नये. बाहेर धावणारं पाणी आणि आत येणारी लाट तिथे समोरासमोर भिडते. खाडीतही आधी प्रवाहाविरुद्ध जावं, म्हणजे दमलेली मुलगी प्रवाहाबरोबर परत येते. पावसाळ्यात अर्थातच बंद.

दुष्काळी चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला एकेरीत 13 वा आला. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ओडिशाच्या प्रतिमा पुहाना आणि प्रमिला मिंझ यांनी कांस्यपदक आणलं. आपल्या मुली तर लहानपणापासून खाडीत वावरतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरतेच; तिथे, गुहागरला किंवा भाट्याला दोन एकेरी आणि एक दुहेरी किनारी होडी आली तर वीस मुलींचा सराव आळीपाळीने चालू शकतो.

होड्यांआधी मात्र शेड उभी राहावी, आणि तिला आतून कडी लावता येणारी खोली असावी. 1976 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या महिला संघाला होडीघरात अंघोळीची सोय नव्हती. पुरुष आवरेपर्यंत त्या थंडीत ओल्या कपड्यांनी बसमध्ये थांबत. कर्णधार ख्रिस अर्न्स्ट यांच्यासह 19 जणी अधिकाऱ्याच्या दालनात निषेधाला गेल्या, तेव्हा सोय झाली. आपल्याकडे गोड्या पाण्याची टाकी तशीही लागणार. खाऱ्या पाण्यातून आलेली होडी रोज धुतली नाही तर वाळू सरकत्या सीटच्या चाकांत बसते, रूळ झिजतात आणि महिनाभरात सीट अडकायला लागते. टाकीला दोन नळ काढावेत: एक बाहेर होडीसाठी, एक आत मुलींसाठी.

आपले,
वल्ह्याच्या खेळाशी संबंधित काही वाचक,
मालवण