ताई, टॅबवरच्या काळ्या ठशांबद्दल आभार

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय.

टीमनं काम कसं करावं हे दाखवायला तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा आलात तेव्हा आम्ही सातजण होतो. मी सोडलो तर सगळे नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी, रिजेक्शनची (खराब निघालेल्या मालाची) नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही चार महिने खपून केलं होतं. तिथल्या सुपरवायझर मामांनी ते दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "भारी हाय, पण हीट नंबर कुठं टाकायचा?" भट्टीतून एका खेपेला जो धातू निघतो, त्याचा हा नंबर. कास्टिंग (ओतलेला भाग) खराब निघालं की त्यावरूनच मागचा माग काढतात. काम सुरू करण्याआधी लिहिलेल्या आमच्या चाळीस पानांच्या कागदपत्रांत तो कुठंच नव्हता.

त्या धक्क्यानं आम्ही व्हिडिओ बघून अ‍ॅजाइल सुरू केलं, म्हणजे थोडं थोडं करून, दाखवून, सुधारत जायची पद्धत. कागदपत्रं बंद केली आणि रोज सकाळी पाऊण तास उभं राहून कालचं काम सांगायला लागलो.

तुम्ही तीन दिवस नुसतं बसून बघितलंत. चौथ्या दिवशी मला बाहेर नेऊन म्हणालात, "सगळे तुझ्याकडं बघून बोलतायत. ही हजेरी झाली." दुसऱ्या दिवसापासून एकेका कामाची एकेक चिठ्ठी भिंतीवर, आणि सगळ्यांची तोंडं त्या चिठ्ठ्यांकडं. कोण काय करतंय हे विचारायचं नाही, ही चिठ्ठी पुढं का सरकली नाही ते विचारायचं. पाऊण तासाची पंधरा मिनिटं झाली.

मग तुम्ही भिंतीवरच्या 'चालू' या रकान्यात तीनच चिठ्ठ्या ठेवायच्या म्हणालात. पोरं सहा आणि कामं तीन! मला ते परवडणारं वाटेना, वादही घातला. पण त्यामुळंच दोघं-दोघं एका मशीनवर बसायला लागली. आमची एक मुलगी नऊ दिवस "नव्वद टक्के झालंय" म्हणत होती. तुम्ही तिच्याशेजारी स्टूल ओढून बसलात आणि तासाभरानं कळलं की कोडच्या दोन वेगवेगळ्या प्रती (ब्रँच) एकत्र करताना काहीतरी पुसलं जाईल या भीतीनं ती थांबली होती. विचारायची लाज वाटत होती. त्या दिवशी तुम्ही लाल टिकल्यांचं पाकीट आणलंत. अडलं की चिठ्ठीवर टिकली लावायची, आणि जिला टिकली लागेल ते काम सगळ्यांचं. नवख्या टीमला यापेक्षा मोठा आधार मला तरी माहीत नाही.

काम किती मोठं याचा अंदाज आम्ही पॉइंटमध्ये सांगायचो; कुणाचे किती पॉइंट झाले याचा नावानिशी तक्ता मी भिंतीवर लावला होता. पोरं साध्या कामालाही आठ पॉइंट सांगायला लागली होती. तुम्ही तो काढलात आणि घडी करून माझ्या हातात दिलात. एवढंच.

२००१ साली अमेरिकेत युटामध्ये १७ जणांनी मिळून लिहिलेला अ‍ॅजाइलचा जाहीरनामाही तुम्ही फळ्यावर मराठीत मांडलात. चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं मोल त्यात जास्त धरलंय, पण कागदपत्रांनाही मोल आहे असं शेवटी स्पष्ट म्हटलंय. तेवढ्या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ ओढलीत. हीट नंबरची व्याख्या आता एका पानावर लिहिलेली आहे, तीही मामांच्या शब्दांत.

आता दर दोन आठवड्यांनी डेमो फाउंड्रीतच, मामांच्या टेबलावर होतो. पहिल्याच वेळी टॅबवर मोल्डिंगच्या (साच्याच्या) वाळूचे बोटांचे काळे ठसे उमटले आणि सगळे बटणाच्या बाजूला पडलेले दिसले. बटणं दुप्पट मोठी केली. ऑफिसात बसून हे आम्हाला कधीच सुचलं नसतं.

नऊ दिवस अडकलेली ती मुलगीच आता डेमो देते. मागच्या वेळी तिनं मामांसमोरच एका चिठ्ठीवर टिकली लावली आणि म्हणाली, "हे आमचं अडलंय, उत्तर तुमच्याकडं आहे." मामा उठून तिला थेट भट्टीपाशी घेऊन गेले.

येत्या शुक्रवारी तीन वाजता पुढचा डेमो आहे. तुमची खुर्ची मामांनी आत्ताच पुसून ठेवलीय.

आपला नम्र,
राजारामपुरीतला टीम लीड