कासव ‘सोपं’ असतं हे कुणी ठरवलं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी कुठला प्राणी पाळावा यावर लेख आला होता. त्यात मासे आणि कासव सगळ्यात सोपे, मग ससा, मग मांजर आणि कुत्रा सगळ्यात अवघड असं सांगितलंय. मी पुण्यात घरच्या घरी पेट बोर्डिंग करते, म्हणजे दिवाळीत नाहीतर मे महिन्यात लोक गावाला गेले की त्यांची जनावरं माझ्याकडे असतात, आणि मला विचाराल तर ही यादी जवळजवळ उलटी करायला हवी.

कुत्रा अवघड आहे, नाही कोण म्हणतंय. दोनदा फिरवायचं, दरवर्षी रेबीजचं इंजेक्शन, महापालिकेचं लायसन्स, गोचीड ताप आणि लिफ्टवरून सोसायटीत भांडणं ती वेगळीच. (हस्की घेऊन त्याला मे महिन्यात टू बीएचकेमध्ये ठेवणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही, माझं बीपी वाढतं.) पण कुत्र्याला काही झालं की सगळ्या बिल्डिंगला कळतं. आणि कुत्रा सोडायला येणारे लोक दोन पानं सूचना लिहून देतात, अगदी रात्री पंखा कितीवर ठेवायचा इथपर्यंत. कासववाला मात्र डबा टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, काही नाही हो ताई, चार दाणे टाका बास.

मागच्या सुट्टीत असंच एक आलं. प्लास्टिकचा डबा, त्यात प्लास्टिकचं नारळाचं झाड, पाणी इतकं कमी की पोहणं लांबच, आणि कासवाचे दोन्ही डोळे सुजून बंद. पाठीची कड बोटाने दाबली तर दबत होती. मालक म्हणे त्याला झोप फार असते. अहो, झोप कसली! रोज नुसती सुकी कोळंबी खाऊन व्हिटॅमिन ए कमी पडलं की डोळे असे होतात, आणि ऊन आणि कॅल्शियम मिळालं नाही की पाठ मऊ पडते. आम्ही खिडकीत ठेवतो ना, असं सगळे सांगतात, पण त्याला लागणारे उन्हातले यूव्ही-बी किरण खिडकीच्या काचेतून आत येतच नाहीत. कानाशी लाल पट्टा असलेलं हे रेड इअर्ड स्लायडर मूळचं अमेरिकेतलं, विकतात तेव्हा दोन-तीन सेंटिमीटरचं असतं, पण मादी जवळजवळ फूटभर होते आणि नीट ठेवलं तर 30 वर्षं जगू शकतं. म्हणजे तिसरीतल्या मुलाला घेऊन दिलं तर त्याचं लग्न होऊन त्याची मुलं शाळेत जातील तरी कासव आहेच. मग डबा पुरेना झाला की लोक तळ्यात नेऊन सोडतात, तिथे ते आपल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. बरं देशी घेऊ म्हणाल तर स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पिंजऱ्यातल्या मिठूचंही तेच, 1972 चा कायदा आहे, ‘पोपट आजीच्या वेळेपासून आहे हो’ हे कारण चालत नाही, आणि म्हणून मी पोपट ठेवून घेत नाही.

सशाला लोक गाजर, पोळी आणि बिस्किट देतात. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला दिवसभर सुकं गवत चघळावं लागतं. कुणीतरी सांगतं म्हणून रोज लसूणघास (गुरांना घालतात तो हिरवा चारा) आणतात, पण मोठ्या सशाला त्यात कॅल्शियम जास्त होतं. ससा दुखलं तरी दाखवत नाही, गप्प कोपऱ्यात बसतो, आणि अर्धा दिवस खाल्लं नाही तर थेट डॉक्टर गाठायचा, आणि तोही ससे बघणारा, जो सहज मिळत नाही.

गोल बरणीतल्या गोल्डफिशबद्दल एवढंच सांगते की दर रविवारी सगळं पाणी बदलून बरणी साबणाने घासू नका. मासे चार दिवस उपाशी आरामात राहतात, पण गावाला जाताना मूठभर दाणे टाकून गेलात तर ते सडतात, पाण्यात अमोनिया वाढतो आणि परत येईपर्यंत मासे उलटे. मांजर मात्र खरंच त्यातल्या त्यात सोपं, फक्त दुधाचा हट्ट सोडा, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

पेट शॉपसाठी 2018 चे केंद्राचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही वगैरे. माझं म्हणणं आहे की प्रत्येक टाकीवर आणि पिंजऱ्यावर एक पाटी लावायला लावा: हा प्राणी पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, किती वर्षं जगतो, महिन्याला खर्च किती, आणि त्याला तपासणारा डॉक्टर शहरात आहे का. तुमच्या पुरवणीनेही पुढच्या रविवारी हीच माहिती एखाद्या पशुवैद्याकडून घेऊन छापावी, दिवाळीची खरेदी सुरू व्हायच्या आत.

– एक वाचक, पुणे