बाबा, बावीसच देते

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "काय मग, नवी हायब्रिड अ‍ॅव्हरेज किती देते?" मी म्हटलं, "बावीस." त्यावर बाबा जे गप्प झाले, ते एकदम "हां, आईकडे देतो" एवढंच बोलले. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला न कळायला मी काय परक्या घरची आहे? कंपनीच्या कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर छापलंय आणि पोरगी बावीस सांगतेय, म्हणजे पोरीला कुणीतरी टोपी घातली. मग आई, तू हळूच विचारलंस, "अगं, गाडी परत घेतात का ते लोक?"

फोनवर समजवायला गेले की बाबा तिसऱ्या वाक्याला "बरं बरं" म्हणून विषय मिटवतात. म्हणून पत्र. शिवाय आकडे कागदावर असल्याशिवाय ते तुम्हाला खरेच वाटत नाहीत, बाबा.

तुमची ती लाल कापडी पाठीची चोपडी आहे ना, चेतक घेतल्यापासूनची, मी तिच्याच रकान्यांत हिशेब ठेवलाय. तारीख, किलोमीटर, लिटर, शेरा. फक्त तेलाचा रकाना काढून टाकला. टाकी फुल करायची, नॉझल खट्‌कन थांबलं की बास, पंपावरच्या पोऱ्याला राउंड फिगरसाठी आणखी दाबू द्यायचं नाही. पुढच्या वेळी तोच पंप, शक्यतो तीच मशीन. मधले किलोमीटर भागिले आत गेलेले लिटर. लहानपणी मी चेतकच्या पुढे उभी असायचे आणि तुम्ही टाकीत डोकावून "अजून... अजून... बस" म्हणायचात, ते सगळं त्यासाठी होतं हे मला फार उशिरा कळलं.

तर नोंदी अशा. मे महिना, ऑफिसचं जाणं-येणं, एसी सतत : ४७१ किलोमीटर, २३.५ लिटर, म्हणजे २०. जून, पाऊस सुरू झाल्यावर, रस्ता तोच : ४८६ किलोमीटर, २१.३ लिटर, म्हणजे २२.८. त्याच वेळी गाडीच्या पडद्यावर २४.६ दिसत होतं, आणि तो आकडा मी मुद्दाम शेऱ्यात लिहून ठेवलाय. पडदा नेहमीच दीड-दोनने चढवून सांगतो. "गाडीनं स्वतःबद्दल सांगितलेलं धरू नये" हे तुमचंच वाक्य.

आता अठ्ठावीसचं. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या जुळ्या बहिणी, त्यातली एक आपल्या दारात. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याला जोडलेली विजेची मोटर आणि छोटी बॅटरी, म्हणून हायब्रिड. दोघींचा प्रमाणित आकडा २७.९७. तो खोटा नाही, पण तो रस्त्यावर मोजलेला नाही. गाड्यांच्या असल्या चाचण्या करणारी संस्था, एआरएआय, माझ्या घरामागच्या वेताळ टेकडीवरच आहे, रविवारी सकाळी मी तिच्या कुंपणाच्या बाजूने चालत जाते. आत गाडीची चाकं फिरत्या रोलरांवर ठेवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरलेल्या वेगांचा एक आलेख असतो, चालक तो पडद्यावर बघत पाय चालवतो. वीस मिनिटांच्या आत सगळा खेळ आटोपतो, साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर होतं, सरासरी वेग बत्तीसेक, आणि सगळ्यात जास्त वेग ९०. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मध्येच आडवी येणारी रिक्षा नाही. सगळ्या गाड्यांना एकच पेपर दिला की त्यांची आपसांत तुलना करता येते, एवढ्यासाठी ती परीक्षा. त्यातले मार्क घेऊन कुणी नगर रोडवर पेट्रोल वाचवायला निघाला तर चूक परीक्षेची नाही.

तरी शोरूममधल्या त्या मुलाने "मॅडम, सिटीत तर तीसपण देते" म्हटलं होतंच. मी मान डोलावली आणि सही केली. तेवढा भाग फसवणुकीत धरायचा तर धरा.

पण बाबा, खरी तुलना अठ्ठावीस आणि बावीसची नाहीच. माझी आधीची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी याच रस्त्यावर साडेबारा द्यायची. कोथरूड ते खराडी, एका बाजूने अठरा किलोमीटर, संध्याकाळी कधी सव्वा तास, कधी दीड. त्या वेळात जुनी गाडी प्रत्येक सिग्नलला उभ्या उभ्या पेट्रोल प्यायची. ही पीत नाही. उभी राहिली की इंजिन बंद, आणि सुटताना पहिले काही मीटर मोटरवरच सरकते. आई गेल्या खेपेला शेजारी बसली होती, शास्त्रीनगर चौकात गाडी अशी गुपचूप झाली आणि तू माझा दंड धरून म्हणालीस, "मेली का गं?" मेली नव्हती. त्या सव्वा तासात निम्म्याहून जास्त वेळ तिचं इंजिन बंदच असतं.

आणि ब्रेक. पुढच्या बसचे लाल दिवे दिसले की आपण पाय काढतो, हलका ब्रेक दाबतो. साध्या गाडीत तो सगळा जोर ब्रेकच्या पॅडमध्ये तापून हवेत जातो. इथे तीच मोटर उलट जनरेटर होते आणि त्यातला बराचसा जोर बॅटरीत परत येतो. म्हणून जिथे गाडी सारखी थांबते-सुटते तिथेच हिची खरी मिळकत. एरवी माणूस ट्रॅफिकला शिव्या घालतो. मीही घालते, पण आता टाकीकडे बघत घालत नाही.

बॅटरी मात्र अगदी चिमुकली आहे. ०.७६ किलोवॅट-अवर, म्हणजे महावितरणच्या बिलातलं जेमतेम पाऊण युनिट. त्यामुळेच मेमध्ये २० वर घसरले. हिचा एसी विजेवर चालतो. सिग्नलला इंजिन बंद असताना एसी बॅटरी खात बसतो, ती खाली आली की उभ्या गाडीत इंजिन पुन्हा घुरघुरायला लागतं, निव्वळ एसीसाठी. आई, तुला गार हवा थेट तोंडावर लागते म्हणून तू ती जाळी फिरवून माझ्याकडे केली होतीस. पेट्रोल तेवढंच जळलं.

हायवेचं गणित वेगळं आहे. गुढीपाडव्याला गडहिंग्लजला आले तेव्हाची नोंद : ३०२ किलोमीटर, १४.२ लिटर, २१.३. बाबांना वाटतं हायवेला अ‍ॅव्हरेज वाढायलाच हवं, कारण तुमच्या मारुतीचं वाढायचं. हिचं फारसं वाढत नाही. एकसारखं शंभरने निघालं की थांबणं नाही, ब्रेक नाही, मग परत मिळवायचं काय? इंजिन चालूच राहतं आणि ती जवळजवळ साध्या पेट्रोल गाडीसारखीच वागते. त्यात वारा. ८० वरून १०० ला गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि ही गाडी उंच, कपाळ रुंद. मी एकदा साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत काटा ८५ च्या वर जाऊ दिला नाही, मागून ट्रकवाल्यांनी हॉर्न देऊन देऊन जीव नको केला, पण २४ पडलं. दुसऱ्या खेपेला उशीर झाला म्हणून ११० ने आले तर साडेअठरा. गाडी तीच, बाईही तीच.

खंबाटकी चढताना तर इंजिन असं ओरडतं की तुम्ही म्हणाल गिअर का टाकत नाहीस. टाकायला गिअरच नाहीत. गाडी जोर लागेल तसं इंजिन पळवते, पण चाकांचा वेग त्या आवाजाच्या मानाने वाढत नाही, म्हणून ते कानाला खोटं वाटतं. पुण्याला परत येताना बोगदा संपून उतार लागला की बॅटरीच्या कांड्या भराभर चढतात, आणि अर्ध्या उतारातच भरून जातात. पुढचा उतार फुकट जातो. पाऊण युनिटाच्या डब्यात किती मावणार!

यावरून आठवलं. आपल्या गल्लीतल्या काकांनी तुम्हाला जो पडद्याचा फोटो दाखवला, २९ लिहिलेला, तो कुठे काढलेला? आंबोली घाट उतरून सावंतवाडीत पोचल्यावर. त्यांना म्हणावं, तेवढाच घाट चढून परत आल्यावरचा फोटो दाखवा. शिवाय त्यांच्या गाडीच्या मागे 'हायब्रिड' लिहिलंय ते सौम्य हायब्रिड. त्यातली छोटी मोटर इंजिनाला हात देते, एकटी गाडी ओढत नाही. तीही चांगलीच गाडी आहे, पण नाव एक असलं तरी जात वेगळी. हे त्यांना सांगू नका, वाईट वाटेल.

आणि पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. वीस टक्के इथेनॉल असतं त्यात. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के कमीच. नवी गाडी त्यासाठी बनवलेली आहे, तिला अपाय नाही, पण लिटरमध्ये जे कमी आहे ते ती कुठून आणणार? इथे मात्र तुम्ही काही बोलू नका, बाबा. तुमचा ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीचं इथेनॉल होतं, आणि ते माझ्या टाकीत येऊन माझं अ‍ॅव्हरेज पाडतं. एका घरातला पैसा दुसऱ्या खिशात, एवढंच.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं तो मुद्दा. आईकडून कळलं की तुम्ही ठेव मोडून असलीच गाडी बुक करायच्या विचारात आहात. मोडू नका.

मी वर्षाला चौदा हजार किलोमीटर चालवते, तेही असल्या रस्त्यावर. जुनीला ११२० लिटर लागले असते, हिला साडेसहाशे. पेट्रोल १०४ धरलं तर वर्षाला ४८-४९ हजार वाचतात. साध्या ऑटोमॅटिकपेक्षा हिच्यासाठी मी तीनेक लाख जास्त मोजलेत, ते फिटायला मलाच सहा वर्षं लागणार. तुम्ही वर्षाला किती चालवता? तुमच्याच चोपडीत गेल्या वर्षीचे साडेतीन हजार आहेत. तेही कसे? घर ते बाजार दोन किलोमीटर, घर ते शेत, आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर.

जुलैमध्ये मी आठवडाभर रजेवर होते. नुसतं भाजी, शाळा, भाजी. ११८ किलोमीटर, ७.४ लिटर, १५.९. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन आधी स्वतःला गरम करण्यासाठी चालू राहतं, आणि ते गरम होईपर्यंत मंडई आलेली असते. तुमची जुनी गाडी सोळा देते. तुमच्या चालवण्यात हायब्रिडने साडेसतरा दिले असं धरू. वर्षाला एकोणीस लिटर वाचले, दोन हजारांच्या आत. त्यासाठी तीन लाख? हा हिशेब मी केला असता तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतं.

आईचे गुडघे हे मात्र खरं कारण आहे, ते मला मान्य. जुन्या गाडीतून उठताना ती दाराची चौकट धरून कशी ओढून घेते ते मी बघितलंय. उंच सीटची गाडी घ्यायची तर घ्या, पण साधी पेट्रोल घ्या. आई, तुझ्यासाठी एक वेगळी गोष्ट : हिची डिकी फसवी आहे. बॅटरी मागे बसवल्यामुळे तळ वर आलाय, २६५ लिटरच जागा उरते. पाडव्याला तू दिलेलं तांदळाचं पोतं उभं राहीना म्हणून आडवं घातलं, तर लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन यावं लागलं. कराडपर्यंत बरणी, पुढे झोपलेला तुझा नातू.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी येतेय, शनिवारी दुपारपर्यंत पोचेन. बाबा, चोपडी बाहेर काढून ठेवा. रविवारी सकाळी टाकी फुल करून आपण दोघं आंबोलीला जाऊ आणि घाट उतरून परत वर येऊ. चालवायचं तुम्ही, रकाने मी भरते. पंपावर उतरून "अजून, अजून" करायचं नाही, नॉझल आपोआप थांबतं.

आईला म्हणावं, या वेळी पोतं पाच किलोचंच भर.

तुमची लेक