गाणं कधी सुरू होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत गिटारवादक जेफ बेकच्या ‘ब्लो बाय ब्लो’ या निव्वळ वादनाच्या अल्बमवरचा लेख वाचला. १९७५ सालच्या अल्बमची आठवण ठेवलीत याबद्दल आधीच आभार मानून घेतो, कारण पुढे ते जमेल असे दिसत नाही.

लेखकमहाशय म्हणतात, वादन सफाईदार आहे, पण ‘शब्दांची उणीव शेवटपर्यंत जाणवते’, आणि म्हणून हा अल्बम ‘काम करताना मागे लावून ठेवायला छान’. हेच मत मी पहिल्यांदा ऐकले ते आमच्या मामांच्या तोंडून. तेव्हा मी कॉलेजात होतो. मित्राच्या थोरल्या भावाने त्याच्या एलपीवरून मला साठ मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. एक दिवस मामा खोलीत डोकावले, “काय ऐकतोस रे?” म्हणत खुर्ची ओढून बसले. मी मुद्दाम टेप पुढे पळवून ‘कॉज वुइव्ह एन्डेड ॲज लव्हर्स’ लावले. पाच मिनिटांहून मोठे आहे ते. मामा डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून ऐकत राहिले. एकदा तर बोटही हलले. मला वाटले, जिंकली. गाणे संपले, मामांनी डोळे उघडले आणि अगदी मायेने विचारले, “छान आहे रे, पण गाणं कधी सुरू होणार?”

मामांना माफ आहे. ते हिशेब तपासायचे, पुरवण्यांत संगीतावर लिहीत नसत.

आता गंमत ऐका. त्या गाण्याला शब्द होते! अमेरिकन गायक-गीतकार स्टीव्ही वंडरने ते लिहिले आणि १९७४ मध्ये सिरीटा या गायिकेने ते तिच्या अल्बमवर रीतसर शब्दांसकट गायले. बेकने ते घेतले, शब्द बाजूला काढले आणि गायिकेची जागा गिटारला दिली. तुमच्या लेखात मात्र ही बेकचीच रचना म्हणून छापून आली आहे. ज्यांना शब्दांची एवढी उणीव जाणवते, त्यांना ज्याचे शब्द गेले त्याचा पत्ताच नाही. याच अल्बममधले ‘थेलोनियस’ही स्टीव्ही वंडरचेच. आणि ‘फ्रीवे जॅम’ कीबोर्ड वाजवणाऱ्या मॅक्स मिडलटनचे, तेही लेखात बेकच्याच खात्यावर जमा. मामांनी असा ताळेबंद परत पाठवला असता.

या ‘लव्हर्स’ गाण्याचे सुरुवातीचे सूर कोणी कान देऊन ऐकले आहेत का, हा माझा प्रश्न आहे. तारेवर पिक (छेडायची पट्टी) पडल्याचा ‘टण्’ तिथे ऐकूच येत नाही. गिटारवरच्या आवाजाच्या नॉबने आवाज पूर्ण बंद ठेवायचा, तार छेडायची आणि मग नॉब हळूच फिरवून सूर आत आणायचा. दार न वाजवता कोणी खोलीत येऊन उभे राहावे, तसा तो येतो. मग तार बोटाने ताणत वर न्यायची, पण मुक्कामाच्या किंचित अलीकडे रेंगाळायचे. सतारीवर हेच झाले की आपण ‘काय मींड घेतली!’ म्हणून मान डोलावतो. सतारियाला कोणी विचारते का, की बुवा, तुम्ही गाणार कधी?

आणि बेक गायला नाही असेही नाही. १९६७ मध्ये त्याने ‘हाय हो सिल्व्हर लायनिंग’ गायले, ते इंग्लंडमध्ये चाललेही, आणि ते त्याचे त्यालाच आवडत नसे. तोंड मिटून ठेवण्याची अक्कल असलेले कलावंत थोडेच असतात. असो.

‘मागे लावून ठेवायला’ म्हणे. ‘डायमंड डस्ट’ पाच मात्रांत चालते. लेखकांनी ते लावून, काम करता करता पायाने ठेका धरून दाखवावा. दुसऱ्या मिनिटाला काम तरी थांबेल नाहीतर पाय तरी. त्यावर निर्माता जॉर्ज मार्टिनने (बीटल्सचाही निर्माता तोच) चढवलेली व्हायोलिने गिटारच्या अंगावर न येता बाजूने सरकत राहतात. त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. मार्टिनचे नाव येताच बीटल्सवर अख्खा परिच्छेद मात्र आहे. शब्द नसलेला हा अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला होता. विकत घेणाऱ्या सगळ्यांनी तो काम करताना मागे लावण्यासाठीच नेला असावा.

लेखासोबतचा फोटो कोणी निवडला? त्यातली पांढरी स्ट्रॅटोकास्टर गिटार ही बेकची नंतरची ओळख. या अल्बमच्या मुखपृष्ठावर लेस पॉल ही वेगळीच गिटार आहे, आणि लव्हर्समध्ये वाजते ती सेमूर डंकन या गिटार-कारागिराने दोन हमबकर (तारांचा आवाज पकडणारे पिकअप) बसवून त्याच्यासाठी जुळवलेली टेलिकास्टर, म्हणजे तिसरीच. दोन बरोबर उत्तरे समोर असताना भलतेच देणे हेही कसबच म्हणायचे.

उणिवेचेच बोलायचे तर एक सांगतो. त्या कॅसेटची पहिली बाजू ‘थेलोनियस’ पुरे व्हायच्या आतच संपायची आणि बटण खटकन वर यायचे. वर्षानुवर्षे तसेच ऐकल्यामुळे तो खटका मला गाण्यातलाच वाटू लागला होता. पुढे सीडीवर पूर्ण ऐकले, तर गाणे थांबेचना, आणि मला चुकल्याचुकल्यासारखे झाले. आजही त्या जागेपाशी माझा कान खटक्याची वाट पाहतो.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून. मागे मी आपल्याला एका परीक्षणाबद्दल पत्र धाडले होते. त्यात ‘मला ते परीक्षण आवडले असे म्हणणे कठीण आहे’ असे वाक्य होते. छापून आले ते एवढेच : ‘मला ते परीक्षण आवडले.’ ते वाचून परीक्षणकर्त्यांनी माझे आभारही मानले. जागेची अडचण मी समजू शकतो, पण कात्री निदान पूर्णविरामापाशी तरी चालवावी.

हे पत्रही लांबले आहे, आपण कापणारच. मामांना गाळले तरी चालेल, स्टीव्ही वंडरला हात लावू नये.

आपला,
एक जुना वाचक